आरोपीचा सरकारी वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य आमच्या घरी रामरक्षेच्या बरोबरीने पाठ झालेलं होतं. का चढू नये हे कुणी सांगत नसे, आणि विचारायची प्राज्ञा नव्हती. त्यामुळे २०२३ च्या वसंतात आमची धाकटी जेवता जेवता म्हणाली, "बाबा, समर जॉब मिळाला. सॅन होजेला, पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसात," तेव्हा मी विचारलं, "पैसे किती देणार?" मनात आलेला खरा प्रश्न, म्हणजे "लोकांना काय सांगायचं?", गिळून टाकला.

पोरगी लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला. आमच्या सनीव्हेलच्या मित्रमंडळीत मुलं कंप्युटरकडे, मेडिकलकडे जातात. वकिलीकडे गेलीच तर पेटंटकडे. आमची निघाली चोर, दारुडे आणि मारामाऱ्या करणाऱ्यांच्या बाजूने उभी राहायला! जूनमधल्या पॉटलकला कुणीतरी विचारलंच. मी म्हणालो, "काऊंटी गव्हर्न्मेंटमध्ये इंटर्नशिप आहे." शब्दाशब्दाने खरं. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कोशिंबिरीचं भांडं पुढे सरकवलं.

पुण्याला आईला फोनवर सांगितलं, तर तिला आनंद झाला. "सरकारी वकील होणार म्हणजे! छान." मी म्हटलं, "नाही गं, सरकारी वकील समोरचा. ही आरोपीची."

"मग हिला पैसे कोण देतं? आरोपी?"

"नाही, सरकार."

"आणि खटला कोण भरतं?"

"सरकार."

"म्हणजे दोन्हीकडून सरकारच भांडतं? भलतंच!"

नव्वदीला टेकलेल्या माझ्या आईने दोन वाक्यांत जो पेच मांडला, त्याचा उलगडा करायला मला तो सगळा उन्हाळा लागला. मुलीच्या टेबलावरची पुस्तकं उचलून वाचली, तिच्याबरोबर सॅन होजेच्या चार चकरा मारल्या. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो. मी वकील नाही. तीस वर्षं चिपा बनवणाऱ्या कंपन्यांत काढलेला इंजिनियर आहे, तेव्हा तेवढी सूट वाचकांनी द्यावी.

सर्वांत मोठं आश्चर्य हे, की ही कल्पना आपल्या अंगणातलीच निघाली. 'आरोपीला सरकारी खर्चाने वकील द्या, आणि तो सरकारी वकिलाच्या तोडीचा असू द्या' असं या देशात ठामपणे मांडणारी बाई सॅन होजेची होती. क्लारा शॉर्टरिज फोल्ट्झ. जन्म १८४९, इंडियाना राज्यातला. पंधराव्या वर्षी पळून जाऊन लग्न केलं, पाच मुलं झाली, कुटुंब सॅन होजेला आलं आणि नवरा सोडून गेला. त्या काळात टाकलेल्या बाईपेक्षा विधवेला जास्त मान, म्हणून ही स्वतःला विधवा म्हणवून घेई. (आपल्याकडे त्याच सुमारास नेमकं उलटं चाललेलं होतं, हे आठवून मला गंमत वाटली आणि वाईटही.) पोटासाठी व्याख्यानं दिली, आणि मग ठरवलं वकील व्हायचं. पण कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणे, वकिलीची सनद फक्त 'गोऱ्या पुरुष नागरिका'ला. बाईने काय करावं? कायदाच बदलायचं विधेयक लिहिलं, सॅक्रमेंटोला जाऊन आमदारांच्या मागे लागली, आणि १८७८ मध्ये ते मंजूर करून घेतलं. 'गोरा पुरुष नागरिक' जाऊन 'कोणीही नागरिक किंवा व्यक्ती' आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात सॅन होजेच्या कोर्टात तिला सनद मिळाली. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची ती पहिली स्त्री वकील.

पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या हेस्टिंग्ज लॉ कॉलेजने बाई म्हणून प्रवेश नाकारला, तर तिने कॉलेजवरच दावा लावला, स्वतः उभी राहून भांडली आणि १८७९ च्या डिसेंबरात राज्याच्या सुप्रीम कोर्टात जिंकलीसुद्धा. पण तोवर पाच पोरांच्या पोटापाण्यापुढे वर्गात बसायला वेळ उरला नव्हता. पदवी त्या कॉलेजने तिला दिली ती १९९१ मध्ये, मरणानंतर सत्तावन्न वर्षांनी.

'गोरा' हा शब्द गेला म्हणून आपल्यासारख्यांचा मार्ग मोकळा झाला असं मात्र समजू नका. हाँग येन चँग हा कोलंबियाचा पदवीधर, न्यूयॉर्कची सनद असलेला वकील. त्याला कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १८९० मध्ये परत पाठवलं, कारण चिनी माणसाला नागरिकत्व घेता येत नव्हतं. ती चूक कोर्टाने २०१५ मध्ये दुरुस्त केली. इथेही तारखा पडतात, एवढंच.

तर फोल्ट्झबाई वकिली करू लागली. श्रीमंत अशिलं बाईकडे कशाला येतील? येत ते कफल्लक. तेव्हाची पद्धत अशी, की आरोपीकडे पैसे नसले तर न्यायाधीश कोर्टात रिकामा बसलेला कोणी वकील बोटाने दाखवायचे आणि त्याने ते काम फुकट करायचं. मग ते काम पडे कालच सनद मिळालेल्या पोराकडे, नाहीतर कोर्टाच्या व्हरांड्यात गिऱ्हाईक शोधत हिंडणाऱ्याकडे. समोर पगारी सरकारी वकील, त्याच्या दिमतीला पोलीस, तपासनीस, कारकून. बाईने हे वर्षानुवर्षं जवळून पाहिलं, आणि त्यातून तिचा सिद्धांत तयार झाला: फिर्यादीसाठी सरकार पगारी वकील ठेवतं, तर बचावासाठीही ठेवावा, दोघांची निवड सारख्याच पद्धतीने व्हावी आणि दोघांचा पगार एकाच तिजोरीतून जावा. खटल्यात सरकारचं हित शिक्षा होण्यात नसून निकाल बरोबर लागण्यात आहे, आणि बरोबर निकालासाठी दोन्ही पारडी भरावी लागतात. आईच्या प्रश्नाचं उत्तर ते हेच.

हे तिने जगापुढे मांडलं १८९३ च्या ऑगस्टमध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला जोडून भरलेल्या कायद्याच्या परिषदेत. शिकागो, १८९३ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं. तळ्याकाठच्या त्याच इमारतीत, महिनाभराने, ११ सप्टेंबरला सर्वधर्मपरिषद सुरू झाली आणि विवेकानंद बोलले. त्या परिषदेत मुंबईचे ब्राह्मसमाजी बी. बी. नगरकर होते, आणि पुण्याच्या सोराबजी घराण्यातली जीन सोराबजीही होती. जीनची बहीण कॉर्नेलिया, नाशिकला जन्मलेली, डेक्कन कॉलेजात शिकलेली. तिने १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती, पण सनदेसाठी तिला १९२३ उजाडावं लागलं. विवेकानंदांचं भाषण आपण शाळेत शिकलो. फोल्ट्झबाईचं अमेरिकेतही फार कुणी शिकलं नाही. तिचं चरित्र आलं २०११ मध्ये, बार्बरा बॅबकॉक यांनी लिहिलेलं. या बाई स्टॅनफर्डच्या कायदा विभागातल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक, आणि त्याआधी स्वतः वॉशिंग्टनमध्ये पब्लिक डिफेंडर. २०२० मध्ये त्या वारल्या. मी वाचलं ते हेच पुस्तक, मुलीच्या पेन्सिलीच्या खुणांसकट.

कल्पनेला फळ यायला वीस वर्षं लागली. जानेवारी १९१४ मध्ये लॉस अँजेलिस काऊंटीने देशातली पहिली पब्लिक डिफेंडर कचेरी उघडली, आणि १९२१ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभरासाठी कायदा केला. गंमत अशी, की फोल्ट्झबाई १९१० मध्ये लॉस अँजेलिसला सरकारी वकिलांच्या कचेरीत नेमली गेली होती, म्हणजे फिर्यादीच्या बाजूने! दोन्ही पारड्यांत तिने वजन टाकून पाहिलं. १९३० मध्ये, ऐंशी उलटल्यावर, गव्हर्नरपदासाठी उभी राहिली आणि पडली. १९३४ मध्ये गेली.

हे सगळं कागदावर वाचायला ठीक. पण एक दिवस मुलीबरोबर दुपारचं जेवायला सॅन होजेला गेलो, आणि आम्ही डबे घेऊन सेंट जेम्स पार्कमध्ये बसलो. लाइट रेल बाजूने जाते, समोर खांबांचं जुनं कोर्ट दिसतं. मी म्हटलं, "छान आहे गं बाग." तर म्हणाली, "बाबा, इथे काय झालं माहीत आहे ना?" माहीत नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं.

१९३३ च्या नोव्हेंबरात सॅन होजेतल्या एका मोठ्या दुकानदाराच्या मुलाला, ब्रुक हार्टला, खंडणीसाठी पळवून मारण्यात आलं. थर्मंड आणि होम्स नावाच्या दोघांना पकडलं. २६ नोव्हेंबरला प्रेत खाडीत सापडलं, आणि त्या रात्री हजारोंच्या जमावाने कोर्टामागच्या तुरुंगाचं दार फोडून दोघांना ओढत आणलं आणि या बागेतल्या झाडांना फाशी दिलं. गव्हर्नर जेम्स रॉल्फ यांनी सैनिक पाठवायला नकार दिला होता, आणि नंतर जमावाचं उघड कौतुक केलं. खटला उभाच राहिला नाही. फाशी देणाऱ्यांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. ज्या राज्यात पब्लिक डिफेंडरचा कायदा होऊन बारा वर्षं झाली होती, त्या राज्यात, आणि जिथे फोल्ट्झबाईला सनद मिळाली त्याच गावात. माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

आणि तारीख? २६ नोव्हेंबर. आपल्याला या तारखेची आठवण करून द्यावी लागत नाही. पण त्याकडे नंतर वळतो.

१९२१ चा कायदा एका राज्याचा. सगळ्या देशाला लागू होणारा निकाल आला १८ मार्च १९६३ ला, क्लॅरेन्स गिडियन याच्या खटल्यात. हा माणूस म्हणजे बिनभरवशाचा, आधी तुरुंगवाऱ्या केलेला. १९६१ च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या पनामा सिटीत एका पूल-रूममध्ये चोरी झाली. नाणी, थोडी बियर, वाइन, कोकच्या बाटल्या गेल्या. गिडियनला पकडलं. तो म्हणाला, मला वकील द्या. न्यायाधीश म्हणाले, आमच्या राज्यात फक्त देहदंडाच्या गुन्ह्यात वकील मिळतो. मग त्याने स्वतःच जमेल तशी बाजू मांडली आणि पाच वर्षं आत गेला. तुरुंगातल्या रेघांच्या कागदावर पेन्सिलीने त्याने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी मानलं, की वकिलाशिवाय झालेला खटला न्याय्य नव्हे.

निकालापेक्षा मला आवडली पुढची हकीकत. ऑगस्ट १९६३ मध्ये पुन्हा खटला चालला. तेच कोर्ट, तेच न्यायाधीश, तोच आरोप. फरक एवढाच, की शेजारी फ्रेड टर्नर नावाचा वकील बसला होता. टॅक्सीवाला साक्षीला आला. त्याने सांगितलं, की त्या पहाटे गिडियन टॅक्सीत बसला आणि म्हणाला, मला इथून नेल्याचं कुणाला सांगू नकोस. झालं, आणखी काय पुरावा हवा? टर्नरने उलटतपासणीत एवढंच विचारलं, की असं तो यापूर्वी कधी म्हणाला होता का? टॅक्सीवाला म्हणाला, दर वेळी म्हणतो, घरी बायकोशी त्याचं पटत नाही. ज्यूरीने तासाभरात निर्दोष सोडलं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅरेजमध्ये जाऊन उगाच हत्यारं लावत बसलो. कारण मला मामा आठवला.

आता हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मुलांनाही नाही. माझा सख्खा मामा तालुक्याच्या गावी एका सोसायटीत कारकून होता. १९७१ मध्ये चार हजार रुपयांच्या अपहाराची केस झाली आणि त्याला पकडून नेलं. पावत्यांवर सह्या त्याच्या होत्या, असं म्हणणं. पहिल्या वकिलाने आजीच्या पाटल्यांचे पैसे आगाऊ घेतले आणि तारखेला तो परगावी असायचा. दुसऱ्यासाठी विहिरीजवळचं दीड एकर गेलं. तारखेच्या आदल्या रात्री आजी तांब्यात निखारे घालून मामाच्या सदऱ्याला इस्त्री करायची, आणि आम्ही पोरं सुट्टीत तिथे असलो तर आम्हाला मागच्या अंगणात पिटाळायची. सात वर्षं. शेवटी दुसऱ्या वकिलाने मस्टर मागवलं, तर त्या पावत्यांच्या दिवशी मामा रजेवर. रजा कशासाठी, तर पुण्यात माझी मुंज होती. मस्टर पहिल्या दिवसापासून जप्त केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात होतं. कुणी उघडलं नव्हतं. मामा निर्दोष सुटला १९७८ मध्ये. नोकरी गेलेली, लग्न मोडलेलं. पुढे कुणाच्या कार्याला तो आला नाही, आणि त्याचं नाव निघालं की मोठी माणसं विषय बदलत. कोर्टाची पायरी न चढण्याची शिकवण आमच्या घरी कुठून आली होती, ते आता लक्षात यावं.

मुलीला हे मी सांगितलं सेंट्रल एक्स्प्रेसवेवर, सकाळी तिला सोडायला जाताना. लॉरेन्सच्या पुढे गाड्या अडकल्या होत्या. ती काहीच बोलली नाही. उतरताना म्हणाली, "मस्टर कुणी बघितलंच नाही?" तिचा सगळा उन्हाळा तेच काम होतं: कुणी न उघडलेले कागद उघडणं.

कारण टीव्हीवर दिसते तशी वकिली तिच्या वाट्याला आलीच नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना कोर्टात उभं राहायची मुभा नसते. पहिलं वर्ष पुरं करून पुढच्या वर्षात गेलं, पुराव्याचा कायदा शिकून झाला किंवा शिकत असलं, की मग स्टेट बारचा परवाना काढून अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली बोलता येतं. ही पोरगी दिवसभर पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यांची चित्रणं सेकंदासेकंदाने पाही आणि रिपोर्टाशी ताडून पाही. झडती कायदेशीर होती का, नसली तर तो पुरावा बाद करा, अशा अर्जांचे मसुदे लिही. कधी वकिलाबरोबर मिल्पिटासच्या एल्मवूड तुरुंगात जाई. नावं, हकिगती यांतलं घरी एक अक्षर सांगत नसे. आम्ही डोकावलो तर म्हणे, "आई, विचारू नकोस." पण एवढं सांगितलं, की फार थोडे खटले ज्यूरीपर्यंत जातात. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच नमूद केलं होतं, की राज्यांतल्या शिक्षांपैकी ९४ टक्के गुन्हा कबूल करून झालेल्या असतात. म्हणजे बहुतेकांचं भवितव्य ठरतं ते गर्दीच्या व्हरांड्यात, 'हे मान्य कर, एवढ्यावर सुटशील' या बोलण्यात.

आणि इथे आपल्या मंडळींनी कान टवकारावेत. होजे पडिया नावाचा मूळ होंडुरासचा ट्रकवाला. चाळीस वर्षं कायदेशीर रहिवासी, व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या सैन्यातून लढलेला. केंटकीत गांजा वाहून नेल्याच्या आरोपात पकडला गेला. त्याच्या वकिलाने सांगितलं, तू इतकी वर्षं इथे आहेस, गुन्हा कबूल केलास तरी ग्रीन कार्डाला धक्का नाही. त्याने कबूल केलं, आणि हद्दपारी ओढवली. ३१ मार्च २०१० ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की अशिलाला हद्दपारीचा धोका सांगणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे. घरातलं भांडण शेजाऱ्याने पोलीस बोलावण्यापर्यंत गेलं, पार्टीनंतर गाडी चालवली, दुकानात पोराने काही खिशात घातलं. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाला 'छोटीशी कबुली' किती महाग पडेल, हे न विचारता सही करणारे आपल्यातही असतात.

आता आपल्याकडचं. पुण्याच्या आमच्या घरी बैठकीत टिळकांचा फोटो होता. मामाचं नाव न काढणाऱ्या त्याच घरात, भिंतीवर एका आरोपीचा फोटो! १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मिळवणारे बॅरिस्टर दिनशा दावर; १९०८ मध्ये जिनांनी जामीन मागितला तेव्हा न्यायासनावर बसून तो नाकारणारे तेच दावर. मराठी लेखांचा खटला, आणि नऊ ज्यूरर्सपैकी सात युरोपियन. टिळक स्वतः एल्‌एल.बी., एकवीस तासांहून जास्त बोलले, आणि सात विरुद्ध दोन मतांनी मंडालेला गेले. १९१६ च्या खटल्यात जिनांनी हायकोर्टात त्यांना सोडवलं. टिळकांना वकील मिळाले, देशभरातून वर्गणी मिळाली, आणि स्वतःची जीभ होती. ज्याच्यापाशी यातलं काहीच नाही त्याचं काय, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला.

योगायोग असा, की मामा सुटला त्याच वर्षी, १७ ऑगस्ट १९७८ ला, महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या होसकोट खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरीब कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळणं हा हक्क मानला. हा होसकोट कुणी सज्जन नव्हे. प्राध्यापकी करणारा हा गृहस्थ विद्यापीठाच्या खोट्या पदव्या छापायच्या खटपटीत मुंबईत सापडला. खालच्या कोर्टाने कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवण्याची शिक्षा दिली, हायकोर्टाने तीन वर्षं केली. सुप्रीम कोर्टानेही त्याचं अपील फेटाळलं, पण फेटाळता फेटाळता पुढच्या हजारोंसाठी दार उघडून ठेवलं. गिडियन काय, होसकोट काय, मोठे हक्क बहुधा असल्याच माणसांच्या नावाने जमा होतात. पुढे १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांना संरक्षण आणि वकील देण्याचे आदेश निघाले. विधी सेवेचा कायदा १९८७ चा, अंमलात आला १९९५ मध्ये.

आणि मग २००८ चा २६ नोव्हेंबर. कसाबचा वकील होण्यास मुंबईच्या वकिलांनी नकार दिला, संघटनेने ठराव केला. ३० मार्च २००९ ला विशेष न्यायाधीश ताहिलियानी यांनी अंजली वाघमारे यांना नेमलं. त्या रात्री वरळीला त्यांच्या घरावर जमाव आला. त्यांनी विचारासाठी वेळ घेतला आणि काम स्वीकारलं. पुढे त्या दुसऱ्या खटल्यात याच हल्ल्यातल्या एका साक्षीदाराच्या वकील असल्याचं निघालं, म्हणून कोर्टाने त्यांना दूर केलं. आधी अब्बास काझमी, मग के. पी. पवार यांनी काम पाहिलं. त्या वेळी मी सनीव्हेलमध्ये बसून म्हणत होतो, "कशाला हवाय त्याला वकील? सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय." माझ्यासारखे खूप होते. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पण त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते हे मला आठवतच नव्हतं. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. हल्ल्यासाठी नकाशे पुरवले असा आरोप. फहीमचे वकील शाहीद आझमी यांना ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यात त्यांच्या कचेरीत गोळ्या घातल्या. ३ मे २०१० ला कसाब दोषी ठरला, आणि हे दोघे निर्दोष सुटले. वरच्या दोन्ही कोर्टांनी ते कायम केलं. सेंट जेम्स पार्कातला जमाव असता तर तीन दोर लागले असते. २९ ऑगस्ट २०१२ ला कसाबची फाशी कायम करताना सुप्रीम कोर्टाने असंही ठरवून टाकलं, की कुठल्याही आरोपीला पहिल्यांदा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं जाईल तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क सांगितला पाहिजे. न सांगणाऱ्या दंडाधिकाऱ्याची खात्यामार्फत चौकशी होईल. म्हणजे भुरट्या चोराच्या या पहिल्या दिवसापासूनच्या हक्काला कसाबच्या खटल्यानेही बळ दिलं.

२०२२ पासून भारतात जिल्ह्याजिल्ह्यांत पगारी बचाव-वकिलांच्या कचेऱ्या सुरू झाल्या, साधारण इथल्या पब्लिक डिफेंडरच्या धर्तीवर. महाराष्ट्रात त्यांना 'लोकअभिरक्षक कार्यालय' म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण आहे तरी. त्याच वर्षीच्या आकडेवारीप्रमाणे भारतातल्या तुरुंगांतले चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला अजून संपायचाच आहे असे. आईला मी हा नवा शब्द फोनवर सांगितला. तिने दोनदा म्हणून पाहिला. मग म्हणाली, "दादाच्या वेळी नव्हता असा." मामाविषयी तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे कितीतरी वर्षांतलं पहिलं वाक्य.

जुलैच्या शेवटी मुलीने विचारलं, "बाबा, तुमचा जुना सूट आहे ना? चाळीस नंबरचा?" ज्यूरीपुढे आरोपीला तुरुंगाच्या कपड्यांत बसायची सक्ती करता येत नाही, हे १९७६ च्या एका निकालाने ठरलेलं आहे, पण बाहेरचे कपडे आणायचे कुठून? मी इंटरव्ह्यूसाठी १९८७ मध्ये घेतलेला निळा सूट कपाटात होता. माझं पोट त्याच्याबाहेर जाऊन जमाना झाला. बायकोने तो ड्रायक्लीन केला, मी रात्री पुन्हा एकदा पँटला इस्त्री फिरवली. कुणी घातला, खटल्याचं काय झालं, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सूट परत आला नाही.

गणपतीच्या पॉटलकला कुणीतरी पुन्हा विचारलं, काय करते मुलगी? या वेळी मी नीट सांगितलं. थोडी शांतता झाली, मग एकजण म्हणाला, "म्हणजे गुन्हेगारांना सोडवते!" हशा झाला, मीही हसलो, आणि विषय मोदकांकडे वळला. निघताना पार्किंग लॉटमध्ये तोच हसणारा मित्र माझ्या गाडीपाशी आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "अरे, माझा भाचा ओहायोत आहे, एच-वनवर. परवा रात्री त्याला पकडलं होतं. बहीण रडतेय. तुझ्या मुलीशी जरा बोलता येईल का?"

मुलगी मागच्या सीटवर होती. काच खाली करून म्हणाली, "काका, मी अजून वकील नाही, मला सल्ला देता येत नाही. त्याने कशावर सही केली आहे का, तेवढं सांगा. मी तिथल्या पब्लिक डिफेंडरचा नंबर शोधून देते."